घरातल्या माणसाच्या खिशात अनोळखी गोळ्या सापडल्या तर

जून महिना होता. फोंड्यात पाऊस लागला की कपडे मागच्या पडवीत दोरीवर टाकायचे आणि दोन-दोन दिवस तिथेच राहू द्यायचे. धाकट्या भावाची जीन्स पिळताना आईच्या हाताला खिशात काहीतरी टोचलं. कात्रीने कापलेला स्ट्रिपचा तुकडा निघाला, त्यात दोन पांढऱ्या गोळ्या. चंदेरी पत्र्यावर नावाची शेवटची तीन अक्षरं तेवढी उरली होती आणि कडेला तांबडी रेघ. आईने तो तुकडा माझ्या तळहातावर ठेवला आणि आत निघून गेली.

पुढच्या चार दिवसांत आम्ही जे केलं, त्यातलं बरंच चुकलं. तुमच्यावर आज तीच वेळ आली असेल तर कशाच्या मागून काय करायचं, ते इथे लिहिते आहे. मी शाळेत शिकवते, डॉक्टर नाही. यातलं औषधांविषयीचं जे आहे ते भावाच्या डॉक्टरांकडून आणि नंतर वाचून शिकलेलं आहे.

सगळ्यात आधी: माणूस नीट जागा होतोय का?

गोळी कसली, कुठून आली, पैसे कुणी दिले, हे सगळं नंतर. आधी त्या माणसाकडे बघा. हाक मारून, खांदा हलवूनही तो उठत नसेल, श्वास फार हळू चालला असेल (मिनिटाला दहापेक्षा कमी), घशातून घुरघुर येत असेल, ओठ किंवा नखं निळसर पडली असतील, तर १०८ ला फोन करा. ‘गाढ झोपलाय, घोरतोय, झोपू दे’ असं म्हणून दार ओढून घेऊ नका. अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या जास्त झाल्या की असंच घोरणं ऐकू येतं, आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात.

रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला कुशीवर वळवा, म्हणजे उलटी झाली तरी घशात जाणार नाही. मिठाचं पाणी, लिंबू, कॉफी काही पाजू नका. उलटी करवू नका. एकट्याला सोडू नका. श्वासच थांबला असेल तर १०८ वर बोलणाऱ्याला तसं स्पष्ट सांगा, छाती कशी दाबायची ते फोनवर समजावतात. घरात जी रिकामी पाकिटं, स्ट्रिपा, बाटल्या दिसतील त्या पिशवीत भरून सोबत न्या. दारू प्यायला होता का, हे लपवू नका. फेणी असो वा बियर, झोपेच्या किंवा वेदनेच्या गोळ्यांवर ती पडली की दोन्ही मिळून श्वास मंदावतात.

आणखी एक गोष्ट फार थोड्या घरांत माहीत असते. दुखण्याच्या बऱ्याच गोळ्यांत जोडीला पॅरासिटामॉल असतं. ते खूप पोटात गेलं तर पहिला दिवस माणूस अगदी ठीक दिसतो, चहा पितो, बोलतो, आणि यकृताची खराबी नंतर वर येते. म्हणून एकदम पुष्कळ गोळ्या घेतल्याचा संशय जरी असला तरी बरं वाटतंय म्हणून थांबायचं नाही, त्याच दिवशी इस्पितळ गाठायचं. जीव द्यायचा विचार होता का, हेही सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही.

गोळ्या फेकू नका

आमची मोठी चूक इथे झाली. बाबांनी त्याच दुपारी त्याच्या खोलीची झडती घेतली. गादीखाली एक स्ट्रिप, हेल्मेटच्या अस्तरात दोन. सगळ्या संडासात टाकल्या आणि वरून पाणी ओतलं. भाऊ रात्रपाळी करून आला, तेव्हा बाबा दारातच उभे होते. नंतर काय झालं ते लिहीत नाही, अख्ख्या वाड्याने ऐकलं.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आडवा झाला. डोळे वर गेलेले, दातखीळ, हातपाय ताठ होऊन झटके देत होते. शेजारच्या काकी कांदा फोडून धावत आल्या, कुणीतरी चप्पल आणली. फीट आली होती. जन्मात कधी न आलेली.

तो दोन प्रकारच्या गोळ्या घेत होता. मोटारसायकलवरून पडल्यावर कंबरेसाठी कुणा डॉक्टरांनी लिहून दिलेलं ट्रामाडॉल (अफूच्या जातीचं वेदनाशामक) त्याने स्वतःच्या मनाने चालू ठेवलं होतं, आणि दिवसा झोप लागावी म्हणून अल्प्राझोलाम. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम या जातीच्या गोळ्यांची शरीराला सवय झाली की त्या एकदम तोडता येत नाहीत. तोडल्या तर हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते, आणि काहींना फीट येते. डॉक्टर त्या आठवड्या-आठवड्याने थोड्या-थोड्या कमी करत नेतात. ट्रामाडॉल बंद केल्यावर अंग मोडून येतं, जुलाब होतात, जीव कासावीस होतो. शिवाय ट्रामाडॉल जास्त घेतलं तर त्यानेसुद्धा फीट येऊ शकते. हे आम्हाला आधी माहीत असतं तर बाबांनी त्या स्ट्रिपा फेकल्या नसत्या, उचलून कपाटात ठेवल्या असत्या.

फीट आली तर: कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, आजूबाजूचं टोकदार सामान सरकवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही नाही. कांदा-चप्पल नको. पाच मिनिटांवर गेली, लागोपाठ दुसरी आली किंवा आयुष्यातली पहिलीच असली, तर १०८.

गोळी कोणती ते काढायचं

स्ट्रिप पूर्ण असेल तर काम सोपं आहे. ठळक अक्षरांतलं कंपनीचं नाव सोडा, त्याच्या आसपास बारीक अक्षरांत औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम असतं, ते टिपा. डावीकडे उभी तांबडी रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नसतं. पण नुसत्या रेघेवरून घाबरू नका, साध्या अँटिबायोटिकवरही ती असते. ‘एनआरएक्स’ असं चिन्ह दिसलं तर मात्र ते गुंगी आणणाऱ्या किंवा मनावर काम करणाऱ्या औषधांपैकी आहे असं समजा. चौकटीत छापलेली शेड्यूल एच१ ची (जास्त कडक नियमांच्या औषधांच्या सरकारी यादीची) सूचना हीसुद्धा अशीच लक्ष देण्यासारखी खूण. अशी औषधं विकताना फार्मसीवाल्याने रुग्णाचं आणि चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांचं नाव वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची, असा नियम आहे. ऑगस्ट २०२३ पासून विक्रीतल्या ३०० मोठ्या ब्रँडवर क्यूआर कोडही सक्तीचा झाला आहे, असला तर मोबाईलने बघा.

सुटी गोळी असेल तर अवघड. परदेशात गोळीवर अक्षरं-आकडे कोरलेले असतात आणि त्यावरून ती शोधता येते. आपल्याकडच्या बऱ्याच गोळ्या कोऱ्या असतात, फार तर मधे एक खाच. मी त्या रात्री मोबाईलवर फोटो टाकून शोधत बसले होते. एकदा रक्तदाबाची गोळी निघाली, एकदा झोपेची, एकदा अमेरिकेतली कुठलीतरी ॲलर्जीची. रंग-आकारावरून काही ठरवू नका. जिभेला लावून बघणं तर नकोच.

करायचं ते एवढं. चांगल्या उजेडात दोन्ही बाजूंनी फोटो काढा, शेजारी रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे आकार कळतो. मग गोळी होती तिथे परत ठेवा किंवा बंद डबीत घालून मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. फोटो घेऊन ओळखीच्या नसलेल्या, गावाबाहेरच्या फार्मसीत जा. (इथे आपण फार्मसी म्हणतो. पलीकडे सावंतवाडीहून नुकतंच कुणी गोव्यात आलं असेल तर त्यांचं ‘मेडिकल’ तेच.) काउंटरवर गर्दी नसताना तिथल्या फार्मासिस्टला विचारा, ‘हे कसलं असू शकेल?’ नाव-गाव सांगायची गरज नाही. कापलेल्या पट्टीवर अर्धं नाव असलं तरी त्यांना ते बरेचदा ओळखू येतं. आमच्या तीन अक्षरांवरून त्या मुलीने दोन मिनिटांत मूळ नाव सांगितलं, आणि आवाज खाली आणून विचारलं, ‘किती दिवस घेतायत?’

सुटी, रंगीत, चित्राचा छाप असलेली गोळी असेल आणि ती फार्मसीतली नाहीच असं वाटत असेल, तर ती खिशात घालून गावभर हिंडू नका. ती जवळ बाळगणं हाच गुन्हा असू शकतो. फोटो पुरे. बाहेरच्यांना गोव्याचं नाव काढलं की अशाच पार्टीतल्या गोळ्या आठवतात आणि किनारपट्टीवर त्यांचा धोका आहेच: बाहुल्या मोठ्या होतात, जबडा आवळला जातो, अंग तापतं, रात्रभर झोप नाही. पण फोंडा, डिचोली, सांखळीकडच्या ज्या घरांशी माझं नंतर बोलणं झालं, तिथे गोष्ट चिठ्ठीच्या गोळीपासूनच सुरू झाली होती. पाठ दुखत होती, झोप लागत नव्हती, पाळी बदलत होती.

संशय खोटाही ठरू शकतो

हे मी मनापासून सांगते, कारण यातून घरं दुखावलेली पाहिली आहेत. लपवलेली प्रत्येक गोळी नशेची नसते. ओळखीतल्या एका घरी सुनेच्या पर्समध्ये गोळ्या सापडल्या, आठ दिवस कुजबुज चालली, आणि त्या निघाल्या फीटवरच्या. लग्न मोडेल म्हणून तिने माहेरीच कुणाला सांगितलं नव्हतं. क्षयरोग, एचआयव्ही, थायरॉइड, नैराश्य, पाळी लांबवायच्या किंवा गर्भनिरोधक गोळ्या, या सगळ्या लोक लपवून घेतात. यातल्या काही बंद पाडल्या तर जिवावर बेतेल. म्हणून नाव कळेपर्यंत सासूला, मामाला, जहाजावरच्या काकांना, कुणालाही फोन नको.

आठ दिवसांची वही

डॉक्टरांनी आम्हाला पहिला प्रश्न विचारला तो ‘काय काय दिसलं आणि कधीपासून?’ आम्ही तिघांनी तीन उत्तरं दिली. म्हणून लिहून ठेवा. तारीख, वेळ, डोळ्यांनी जे दिसलं ते. ‘वाया गेलाय’ हे लिहायचं नाही. ‘मंगळवारी सकाळी नऊला बोलताना जीभ जड, जिन्यावर दोनदा तोल गेला, काल संध्याकाळचं बोलणं आठवत नाही’ हे लिहायचं.

झोपेच्या गोळ्यांत साधारण असंच दिसतं: अडखळती जीभ, तोल, विसर. ट्रामाडॉल आणि त्याच जातीचं टॅपेन्टाडॉल यांत पेंग, बारीक बाहुल्या, अंगाला खाज, बद्धकोष्ठ. पैसे कमी होणं, चिठ्ठीची तीच ती झेरॉक्स, पाळी संपल्यावर तासभर उशीर, हेही लिहा. कामावर काय चाललंय, कुणी गेलं का, प्रेम मोडलं का, तेसुद्धा. गेल्या चवथीला माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळा-पानांची चौकट) बांधताना माझ्या भावाच्या हातातून सुपारीचा शिपटा दोनदा निसटला होता. बोटं थरथरत होती. ‘जागरण झालंय’ म्हणाला आणि आम्ही हसून सोडून दिलं. ते नऊ महिन्यांपूर्वीचं, वहीत पहिल्या ओळीला लिहायला हवं होतं असं.

लघवी तपासायची किट बाजारात मिळते, पण मी ती चोरून वापरू नका म्हणेन. विश्वास जातो तो जातोच, शिवाय उत्तरही पक्कं मिळत नाही. अफूची औषधं तपासायच्या नेहमीच्या पट्टीवर ट्रामाडॉल दिसत नाही आणि क्लोनाझेपाम पुष्कळदा निसटतं. तपासणी डॉक्टरांनी सांगून, त्याला कळवून होऊ दे.

बोलायचं कसं

एकानेच बोलायचं. ज्याच्याशी त्याचं कमीत कमी भांडण आहे त्याने. आमच्याकडे ते काम माझ्याकडे आलं, तेही फीट येऊन गेल्यावर.

नशेत असताना, पाळीला निघताना, जेवणाच्या पानावर नको. झोप झालेली असावी, घरात दुसरं कुणी नसावं. मी चहाचे दोन कप घेऊन पडवीत गेले. आमच्या घरात कोकणीच चालते, म्हणून तिथूनच सुरुवात केली: ‘जेवलो रे?’ मग कंबरेविषयी विचारलं. अजून दुखते का, रात्री किती दुखते. तो कंबरेविषयी दहा मिनिटं बोलला, आणि अकराव्या मिनिटाला आपणच म्हणाला, ‘ताई, त्या गोळ्या नाही घेतल्या तर मी उभाच राहू शकत नाही.’

तेव्हा ‘मग आधी का नाही सांगितलंस’ हे ओठांवर आलं होतं. गिळलं. विचारलं ते एवढंच: कोणत्या, दिवसाला किती, शेवटची कधी, बरोबर दारू असते का. ही चार उत्तरं डॉक्टरांना लागतात. आणि सांगितलं की एकदम बंद करायच्या नाहीत, डॉक्टरकडे आपण दोघं जाऊ, बाबांना मी बघते.

तो नाही म्हणाला तर? पहिल्यांदा बहुतेक नाहीच म्हणतात. शपथा घालू नका, देवासमोर उभं करू नका. ‘ठीक आहे, रविवारी परत विचारीन’ म्हणा आणि रविवारी खरंच विचारा. तोवर तुम्ही स्वतः डॉक्टरांना किंवा हेल्पलाइनला विचारू शकता, त्यासाठी त्याची परवानगी लागत नाही. रोख पैसे हातात देणं थांबवा, पण जेवण, पांघरूण, घराचं दार यात फरक करू नका. त्याने दुचाकी चालवू नये एवढं मात्र आग्रहाने बघा. सोडायला-आणायला मीच जात होते.

गोव्यात कुठे जायचं

बांबोळीला. गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ, आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. मनोविकारांचं सरकारी इस्पितळ, ज्याला सगळे आयपीएचबी म्हणतात, तेही बांबोळीलाच आहे. पूर्वी ते पणजीत अल्तिनोवर होतं, त्यामुळे जुन्या लोकांच्या मनात त्या नावाची धास्ती अजून आहे. माझी आई गाडीतून उतरायलाच तयार नव्हती. आत ओपीडीत सरकारी नोकर होते, कॉलेजची मुलं होती, आजीला धरून आणलेली नात होती. व्यसनावर उपचार तिथे होतात, आणि गरज पडली तर दाखल करूनही घेतात. म्हापसा आणि मडगावच्या जिल्हा इस्पितळांतही मानसोपचार विभागाची चौकशी करा. उत्तरेच्या किंवा दक्षिणेच्या टोकाला राहणाऱ्यांची खेप वाचेल.

फोनवर आधी बोलायचं असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. १४४४६ हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा क्रमांक. मी रात्री साडेअकराला फोन केला होता. ‘माझ्या भावाबद्दल विचारायचंय’ एवढं म्हणून रडायलाच लागले, तरी पलीकडून कुणी घाई केली नाही.

जाताना नेण्याच्या वस्तू: सगळ्या स्ट्रिपा किंवा त्यांचे फोटो, जुन्या चिठ्ठ्या (त्याच्या अपघाताच्याही), वही, आधार कार्ड. सकाळी लवकर निघा. आणि त्याला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या, तुम्ही बाहेर बसा.

पोलीस, कायदा, आणि चार भिंतींतली केंद्रं

‘डॉक्टर पोलिसांना कळवतील’ ही भीती आमच्या बाबांना फार होती. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनातून उद्भवणाऱ्या आजारांनाही लागू आहे, आणि त्यात रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातही, विक्रीत नसलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर खटल्यातून सूट मिळण्याची तरतूद आहे, कलम ६४ए. प्रकरण पोलिसांपर्यंत आधीच गेलं असेल तर वकिलाकडे हे कलम काढा.

चिठ्ठीशिवाय गोळ्या देणारी फार्मसी तुम्हाला कळली असेल, तर तिथे जाऊन भांडू नका. तक्रार अन्न आणि औषध प्रशासनाकडे करायची, त्यांचं कार्यालयही बांबोळीलाच आहे.

खासगी केंद्राची जाहिरात बघून त्याला गाडीत घालून पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारा. नोंदणीचा कागद दाखवाल का? मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या दिवशी येतात? घरच्यांना भेटू देता का? ‘दोन महिने भेटायचं नाही, फोन नाही’ असं उत्तर आलं तर तिथून उठा. साखळीने बांधणं, मारणं याला कायद्यात मुळीच जागा नाही. आमच्या एका नातेवाइकाने असल्या ठिकाणाचं नाव सुचवलं होतं, ‘तिकडे सरळ करतात’ म्हणून. माझा भाऊ दोन गोळ्यांच्या सवयीत होता आणि त्याला फीट येत होती. त्याला सरळ करून घ्यायचं नव्हतं, औषध हवं होतं.

पुढचे महिने

गोळी कमी करत नेण्याचं वेळापत्रक डॉक्टर देतील. ते फ्रिजवर लावा. घरातल्या एकाकडे गोळ्या राहतील, तो रोजच्या रोज देईल. आमच्याकडे आईच्या शिवणाच्या डब्यात असायच्या, बटणांच्या खाली. मधेच एखाद्या दिवशी त्याने जास्त घेतली, तर ते डॉक्टरांना पुढच्या भेटीत सांगायचं आणि घरात त्यावरून सभा भरवायची नाही. काही दिवस थांबून पुन्हा पूर्वीएवढीच गोळी घेणं फार धोक्याचं असतं, शरीराची सवय उतरलेली असते. हे त्याला स्वतःला माहीत असायला हवं, तुम्ही मोठ्याने सांगा.

कंबर विसरू नका. गोळ्या गेल्या तरी दुखणं तिथेच असतं. भावाला शेवटी फिजिओथेरपी लावली आणि त्याच्या मॅनेजरशी बोलून रात्रपाळी बदलून घेतली. पहिल्या महिन्यात तो दिवसातून तीन वेळा व्यायाम करायचा, पडवीत चटई टाकून, दोरीवरच्या ओल्या कपड्यांच्या खाली. आई शेजारी बसून मोजायची, आणि दहाच्या पुढे चुकायची म्हणून त्याला पुन्हा एकपासून करावं लागायचं.